एकरी किती डिझेल जळतं? नांगरणीचा खर्च खरंच कमी करायचा असेल तर

गहू निघाला की देपालपूर, हातोद, सांवेर कुठल्याही रस्त्याने जा, एप्रिलच्या उन्हात दर चार रानांआड एकात पलाऊ (पलटी नांगर) चालू असतो आणि मागे ढेकळं अशी पडलेली असतात की एक उचलायला दोन हात लागावेत. ट्रॅक्टरचं तोंड वर उचललेलं, मागची चाकं घसरतायत, सायलेन्सरमधून काळा धूर. मला ते बघवत नाही, कारण तो काळा धूर म्हणजे तुमच्या पैशाचं डिझेल आहे जे धड जळलंच नाही. आमचं घर इंदूरात आणि रान देपालपूरकडे, सगळी काळी माती, पावसाळ्यात सोयाबीन मग गहू नाहीतर हरभरा. गेली काही वर्षं मी डिझेलचा हिशेब तासावर न ठेवता एकरावर ठेवतोय, आणि त्यातून जे हाताला लागलं ते इथे क्रमाने लिहितोय. (बिघ्याचं माप गावोगाव बदलतं म्हणून सगळं एकरातच सांगतो.)

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मग पुढचं सगळं सोपं जातं. एक लिटर डिझेलमधे साधारण १० युनिट ऊर्जा असते, म्हणजे तेच युनिट जे विजेच्या बिलावर येतं. इंजिन नीट लोडवर असेल तर त्यातली ३ युनिटच्या आसपास बाहेर काढतं, बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. मग गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलमधे थोडी जाते, आणि मग चाक आणि माती यांच्यामधे मोठा घास जातो, मऊ रानात तर तिसरा हिस्सा सहज. शेवटी नांगराच्या फाळापर्यंत पोचते पावणेदोन युनिटच्या जवळपास. शंभर रुपयाचं डिझेल घातलं तर माती पलटायला सतरा-अठरा रुपये लागले, बाकीचे वाटेत गेले. इंजिनमधलं नुकसान आपण फारसं बदलू शकत नाही, ते कंपनीचं काम. पण चाकापाशी जातं ते, आणि मुळात माती किती आणि कुठल्या अवस्थेत पलटायची ते, हे दोन्ही पूर्ण आपल्या हातात आहे आणि सगळी बचत तिथेच आहे.

पहिलं काम: मोजा

मोजल्याशिवाय काहीही बदलू नका, नाहीतर काय उपयोगाचं ठरलं ते कधीच कळणार नाही. "तासाला चार लिटर खातो" याला काही अर्थ नाही, हळू चालवला तर तासाला कमी खाईल आणि एकराला जास्त. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, टाकी गळ्यापर्यंत भरा, टायर कुठे होते तिथे विटा ठेवून खूण करा. मग मोजून दोन एकर नांगरा, एक एकरही चालेल पण दोन बरं. परत त्याच जागी, त्याच खुणेवर आणा आणि मापाच्या भांड्याने टाकी परत गळ्यापर्यंत भरा. जेवढं लागलं ते भागिले एकर. झालं. वहीत तारीख, रान, औजार, खोली, ओल कशी होती आणि लिटर, एवढं लिहा.

खोलीपण मोजायची, अंदाजाने नाही. न नांगरलेल्या कडेपासून तासाच्या, म्हणजे नांगराने पडलेल्या चरीच्या, तळापर्यंत, एक सरळ काठी आडवी ठेवून दुसरी उभी लावायची, रानात दहा ठिकाणी, आणि सरासरी काढायची. माझ्या स्वतःच्या रानात मी सहा इंच समजत होतो आणि निघाली नऊ.

दुसरं: नांगरायचं आहे का, हे आधी ठरवा

सगळ्यात मोठी बचत इथे आहे आणि लोक नेमकी हीच सोडून देतात. काळी माती उन्हाळ्यात तडकते, भेगा पडतात, पावसात फुगते आणि भेगा मिटतात, म्हणजे ही माती दरवर्षी स्वतःला थोडंफार नांगरतेच. मालव्यात आमच्या आजोबांच्या काळात बैलांवर बखर चालायचा, वरचे दोन-तीन इंच हलवायचे, तण कापायचं, आणि खोल नांगर क्वचित. आता दारात ४५ हॉर्सपॉवर उभी आहे म्हणून दरवर्षी पलाऊ घालायचा ही सवय झालीये, गरज नाही.

खंडवा रोडवर सोयाबीन संशोधन संस्था आहे, १९८७ पासूनची, तिचा सल्लाही हाच की उन्हाळ्यातली खोल नांगरणी तीन वर्षांतून एकदा करा, मधल्या वर्षांत कल्टीवेटर उभा-आडवा मारला की भागतं. आता याचा हिशेब बघा. समजा पलटी नांगराला एकरी १० लिटर लागतं (भारी काळ्या मातीत आठ इंच खोलीला हा आकडा काही फार नाही) आणि तुमचं १५ एकर रान आहे. दरवर्षी सगळं नांगरलं तर १५० लिटर. रानाचे तीन भाग करून दरवर्षी पाच एकर नांगरलं तर ५० लिटर, आणि बाकी दहा एकरांत कल्टीवेटरचं जे थोडं जातं ते. डिझेल नव्वदीच्या पुढे आहे, तुम्हीच गुणाकार करा. तीन भाग करायचा दुसरा फायदा असा की सगळं रान एकाच आठवड्यात उरकायची घाई राहत नाही, योग्य ओल बघून तेवढाच तुकडा करता येतो.

खोल नांगरणी वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, तणाचे गड्डे, किडींचे कोष उन्हात उघडे पडतात, पाणी मुरतं. पण त्याला कारण हवं. कारण आहे का ते बघायला एक लोखंडी सळई घ्या, ओल असताना रानात दाबा. पाच-सहा इंचावर अचानक अडली आणि जोर दिल्यावर पुढे परत सहज गेली तर मधे कडक थर आहे, वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगर किंवा रोटाव्हेटर चालल्याने होतो. तिथे नांगर नाही तर चिझल किंवा सबसॉइलर लागतो, तो सगळी माती पलटत नाही, फक्त ओळीओळीने थर फोडतो. अडलीच नाही तर खोल जाऊन काय करणार.

गव्हाच्या पेरणीलाही हेच. सोयाबीन निघाल्यावर झिरो टिल ड्रिलने किंवा सुपर सीडरने थेट पेरता येतं, मधल्या दोन-तीन पाळ्या वाचतात. सुपर सीडरला मात्र मोठा ट्रॅक्टर लागतो, ५० हॉर्सपॉवरच्या खालच्याने दम लागतो, त्यामुळे विकत घेण्यापेक्षा भाड्याने बरा. आणि नरवाई, म्हणजे काढणीनंतर रानात उरलेली धसकटं, जाळू नका, कायद्याने बंदी आहे हे तर आहेच, पण जाळल्याने माती कडक होत जाते आणि मग तीच माती पुढच्या वर्षी तुमच्याकडून जास्त डिझेल मागते.

खोली

एक एकरात एक इंच खोलीची माती म्हणजे सुमारे १०० घनमीटर, वजनात सव्वाशे टन. म्हणजे ड्रायव्हरने लिफ्टचा दांडा बोटभर खाली केला की तुम्ही एकरी सव्वाशे टन माती जास्त उचलून पलटवली. पलटी नांगराची ओढ खोलीच्या प्रमाणात वाढते, दुप्पट खोल तर जवळजवळ दुप्पट ओढ, आणि खालची माती वरच्यापेक्षा घट्ट असते म्हणून प्रत्यक्षात त्याहून थोडी जास्तच. सहा इंचात काम होत असेल तर नऊ इंच म्हणजे दीडपट डिझेल. हे मी दर हंगामात ड्रायव्हरला समजावतो आणि दर हंगामात तो म्हणतो "भिया, गहरा चलेगा तभी तो फसल आएगी". त्याचा हेतू चांगला आहे पण सोयाबीनचं पीक नऊ इंचावरून ठरत नाही, त्यात बियाणं, पाण्याचा निचरा आणि पेरणीची वेळ जास्त बोलतात.

वाफसा, म्हणजे आपली बतर

माझ्या मते खोलीनंतर सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. मराठीत वाफसा म्हणतात, इथे मालवीत बतर आली म्हणतात, गोष्ट एकच. काळी माती कोरडी पडली की विटेसारखी होते, नांगर तिला कापत नाही, फोडतो, आणि फोडायला कितीतरी जास्त जोर लागतो. वर ती ढेकळं परत फोडायला दोन पाळ्या कल्टीवेटर, एक पाटा, म्हणजे डिझेल दोनदा गेलं. उलट फार ओली असली तर चाक घसरतं, माती नांगराच्या पलटीच्या फळीला चिकटते, तासाचा तळ आरशासारखा चकाकतो आणि तिथेच तो कडक थर तयार होतो.

तपासायचं कसं? ज्या खोलीवर नांगरायचंय तिथली माती काढायची, वरची नाही. वरची सुकलेली असते आणि फसवते. तिची मूठभर गोळी दाबा, मग तळहातावर पेन्सिलपेक्षा बारीक, साधारण तीन मिलिमीटरची दोरी वळून बघा. दोरी वळताना तुटत असेल, चुरा होत असेल तर हीच वेळ. लांब गुळगुळीत दोरी वळली तर थांबा, दोन-चार दिवसांनी परत बघा. गोळीच होत नसेल आणि ढेकूळ बोटाने फुटत नसेल तर उशीर झालाय.

आमच्या भागात ही वेळ गहू काढल्याबरोबर मिळते, खाली शेवटच्या पाण्याची थोडी ओल असते. हार्वेस्टर निघाला की त्याच आठवड्यात, जो तुकडा नांगरायचा ठरलाय तेवढाच, उरकून टाका, ढेकळं बाकी एप्रिल-मे उन्हात तापतील तो फायदाही मिळतो. मेमधे विटा फोडत बसू नका. एका वर्षी लग्नकार्यात आमचे तीन आठवडे गेले आणि तेच रान, तोच ट्रॅक्टर, तोच ड्रायव्हर असून वहीत जे लिटर लिहावे लागले ते बघून मला वाईट वाटलं, त्यानंतर आम्ही लग्नाच्या तारखा बघून आधीच दुसऱ्याचा ट्रॅक्टर सांगून ठेवतो.

चाकाची घसर मोजणं

हे कोणी करत नाही आणि दहा मिनिटांचं काम आहे. मागच्या टायरवर खडूने मोठी खूण करा. रानातच, नांगर वर उचलून, चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चालवा आणि ट्रॅक्टर किती लांब गेला ते टेपने मोजा. १३.६-२८ चं टायर असेल तर ४० मीटरच्या आसपास येईल. मग नांगर घालून, रोजच्या गिअरमधे, परत दहा फेरे. समजा रिकामा ४१ मीटर गेला आणि नांगर घालून ३४. फरक ७, भागिले ४१, म्हणजे १७ टक्के घसर.

१० ते १५ टक्क्यांत असेल तर उत्तम. १५ च्या वर गेलं की चाक माती खरवडतंय, टायर झिजतंय आणि डिझेल जागच्या जागी जळतंय. १२ टक्क्यांवरून २५ वर गेलं तर तेवढ्याच फेऱ्यांत साधारण १५ टक्के रान कमी होतं. पण शून्याच्या जवळ आली तरी खूश होऊ नका, म्हणजे ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड आहे, स्वतःचंच वजन ओढत हिंडतोय आणि माती दाबतोय.

घसर जास्त असेल तर आधी हवा बघा. रस्त्यावर ट्रॉली ओढायला भरलेली कडक हवा तशीच घेऊन लोक रानात उतरतात, टायर फुटबॉलसारखा टणक, जमिनीला नीट टेकतच नाही. रानात मागच्या टायरला साधारण १२ ते १४ पीएसआय, पक्का आकडा तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतो. रस्त्यावर जाताना परत वाढवायची, नाहीतर टायरच्या कडा खराब होतात. एक साधा गेज घेऊन ठेवा, इंदूरच्या सियागंज बाजारात सहज मिळतो, टायरला लाथ मारून हवा कळत नाही.

मग वजन. मागच्या टायरमधे पाणी भरता येतं, व्हॉल्व वरच्या बाजूला आणून तिथपर्यंत, म्हणजे पाऊण टायर. नांगरणीपुरतं भरा, पेरणीच्या आधी काढा, मऊ तयार रानात ते वजन फुकट ओढायचं आणि माती दाबायची काही गरज नाही. तोंड वर उचलत असेल तर पुढे वजनं लावा. टायरचे लग, म्हणजे माती पकडणारे उंच दात, झिजून सपाट झाले असतील तर यातलं काहीच फार कामाला येत नाही. आणि एकच चाक घसरत असेल तर डिफरन्शियल लॉक दाबा (म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतात), वळायच्या आधी सोडा.

नांगर बसवणं

इथे घाई करू नका, सुरुवातीचा अर्धा तास पूर्ण हंगाम वाचवतो.

नांगरताना उजवी चाकं तासात चालतात आणि डावी वर, म्हणजे ट्रॅक्टर तिरका असतो पण नांगर सरळ बसायला हवा. म्हणून घरीच सपाट अंगणात डाव्या चाकांखाली, जेवढं खोल नांगरायचंय तेवढ्या जाडीच्या फळ्या ठेवा, नांगर जमिनीवर टेकवा आणि उजव्या बाजूचा लेव्हलिंग हँडल फिरवून नांगराची फ्रेम आडवी समपातळीत आणा. मग टॉप लिंक, म्हणजे नांगराला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा दांडा. ती आखूड झाली तर नांगराचं नाक जमिनीत घुसतं, पुढचा फाळ खोल आणि मागचा उथळ, ओढ विनाकारण वाढते. लांब झाली तर मागचा भाग टेकून बसतो आणि नांगर आत जातच नाही, मग ड्रायव्हर लिफ्ट अजून खाली करत बसतो. रानात वीस पावलं चालवून उतरा आणि दोन्ही तासांची खोली आणि रुंदी बघा, सारखी असली पाहिजे. पहिलं तास रुंद आणि दुसरं अरुंद येत असेल, किंवा स्टिअरिंग सतत एका बाजूला ओढत असेल, तर मागच्या चाकांचं अंतर नांगराशी जुळत नाहीये. नांगर तिरका ओढला जातो आणि जो जोर माती पलटायला जायचा तो बाजूला घासण्यात जातो.

फाळ बोथट असेल तर वरचं सगळं पाण्यात. टोक झिजून गोल झालेला फाळ कापत नाही, दाबतो. हंगामाआधी लोहाराकडून पाजवून घ्या नाहीतर बदला, फाळाची किंमत दोन-चार दिवसांच्या डिझेलात निघते. पलटीची फळी गंजली असेल तर काळी माती तिला चिकटते आणि मग माती मातीवर घासत राहते. काम संपल्यावर धुऊन जळकं ऑइल फासून ठेवायचं, एवढंच.

लिफ्टचे दोन दांडे असतात, पोझिशन आणि ड्राफ्ट. नांगरणीला ड्राफ्ट वापरा. कडक जागा आली की तो नांगर जरासा उचलतो, लगेच परत खाली नेतो, आणि उचलताना नांगराचं वजन मागच्या चाकांवर येतं म्हणून घसर कमी होते. कित्येक ट्रॅक्टरांवर तो दांडा नवीन आल्यापासून कोणी हलवलेला नसतो.

गिअर आणि रेस

नांगरताना वेग ५ किलोमीटरच्या आसपास ठेवा. ५ वरून ७ वर गेलात तर पलटी नांगराची ओढ साधारण १५ टक्के वाढते, माती फेकली जाते आणि फेकण्यात काही फायदा नाही.

जड कामात रेस पूर्ण खेचायची गरज नसते, पाऊणच्या थोडी वर पुरते. चालू कामात ऍक्सिलरेटर एकदम वाढवून बघा. इंजिनने लगेच आवाज उचलला तर ताकद शिल्लक आहे, एक गिअर वर टाका आणि रेस कमी करा. उचललाच नाही, उलट काळा धूर सोडला तर गिअर खाली. हलक्या कामात, म्हणजे दुसऱ्या पाळीचा कल्टीवेटर, पाटा, यात तर वरचा गिअर आणि १४००-१५०० आरपीएम, तेवढाच वेग आणि डिझेल कमी. रोटाव्हेटरला हे लागू नाही, तिथे पीटीओचे, म्हणजे इंजिनची ताकद औजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्याचे, फेरे ठरलेले असतात.

रोटाव्हेटरबद्दल इथेच सांगतो. चाकाने ओढायचं नसतं म्हणून घसर नाही, हे खरं, पण काळी माती पीठासारखी होते, पहिल्या पावसात पापुद्रा धरतो आणि सोयाबीन वर यायला झगडतं. एकदा ठीक, दरवेळी नको.

वळणं

रानाच्या लांबीत नांगरा, रुंदीत नाही. प्रत्येक वळणावर नांगर हवेत आणि डिझेल चालू. दोन्ही टोकांना वळायची पट्टी आधी आखून ठेवा आणि शेवटी नांगरा. लहान तुकड्यांमधले बिनकामाचे बांध काढता आले तर काढाच, फक्त पाणी अडवणारे नको.

भाड्याने असेल तर

तासावर ठरवलं तर काम लांबतं, एकरावर ठरवलं तर खोली कमी होते. मी एकरावर ठरवतो आणि खोली आधी इंचात बोलून घेतो, काठी हातात असते, सुरुवातीलाच मोजतो आणि मग शंका राहत नाही. ड्रायव्हरला वाईट वाटू देऊ नका, त्याला काठी द्या आणि त्यालाच मोजायला सांगा.

ट्रॅक्टर घ्यायचा असेल तर

पत्रकावरच्या हॉर्सपॉवरवर जाऊ नका. सीहोर जिल्ह्यात नर्मदेकाठी बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे, १९५५ पासूनची, तिचे टेस्ट रिपोर्ट बघायला मिळतात. त्यात पीटीओची प्रत्यक्ष ताकद, ओढण्याची ताकद, आणि एका युनिटला किती ग्रॅम डिझेल लागतं हे असतं. हा ग्रॅमचा आकडा जितका कमी तितका चांगला. दोन मॉडेलचे रिपोर्ट शेजारी ठेवून बघा, एकाच हॉर्सपॉवरच्या दोन ट्रॅक्टरांत फरक दिसतो. पंधरा एकराला ५५ हॉर्सपॉवर घेऊन तो वर्षभर अर्ध्या लोडवर चालवणं हाही डिझेलचाच नाश, कारण कमी लोडवर इंजिन प्रत्येक युनिटला जास्त पितं. मोठं काम वर्षातून एकदाच असेल तर कस्टम हायरिंगवाल्याकडून, म्हणजे यंत्रं भाड्याने देणाऱ्याकडून, आणा. औजार विकत घ्यायचं असेल तर राज्याच्या ई-कृषि यंत्र अनुदान पोर्टलवर आधी बघा.

रोजची काळजी तुम्हाला माहीत असते, तरी एअर क्लीनर. नांगरणीच्या धुळीत तो रोज संध्याकाळी बघायचा, ऑइलवाला असेल तर खाली साचलेला गाळ काढून ऑइल बदलायचं. हवा कमी मिळाली की डिझेल अर्धवट जळतं, तोच तो काळा धूर. आणि डिझेलच्या पाइपला कुठे ओल दिसली तर उद्यावर टाकू नका, सेकंदाला एक थेंब गळत राहिला तर चोवीस तासांत चार लिटरच्या वर जातं. वहीत मी त्यासाठी वेगळा रकाना ठेवलाय, सकाळी ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी खाली जमिनीवर डाग आहे का ते बघायचं आणि हो किंवा नाही लिहायचं.